सांधलेलं लोखंड

१९६२ हे वर्ष आपल्याकडे चीनच्या युद्धामुळे लक्षात राहिलं आहे. कलेच्या इतिहासात ते वेगळ्या कारणासाठी मोजलं जातं. त्या उन्हाळ्यात डेव्हिड स्मिथ हा अमेरिकन शिल्पकार इटलीत, जेनोआजवळच्या व्होल्त्री इथे, एका बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात काम करायला आला. स्पोलेतोच्या महोत्सवासाठी त्याच्याकडून एक-दोन शिल्पं हवी होती. कारखान्यात पडलेल्या सांडशा, चाकं, पत्र्याचे तुकडे सांधून त्याने ३० दिवसांत २७ शिल्पं उभी केली. त्याच वर्षी लंडनमध्ये अँथनी कारो याने ‘अर्ली वन मॉर्निंग’ हे शिल्प पुरं केलं. लाल रंग दिलेल्या पोलादी पट्ट्या, नळ्या आणि पत्रे. खाली चौथरा नाही, सगळं थेट जमिनीवर. आणि त्याच वर्षी भारतीय रेल्वेला ‘डब्ल्यूडीएम-२’ या डिझेल इंजिनांची पहिली खेप अमेरिकेहून मिळाली. ती बनवली होती अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे ‘अल्को’ने.

ही तिसरी नोंद कलेच्या इतिहासात कुणी करत नाही. मी दौंडची आहे, म्हणून मला ती करावीशी वाटते. वडील रेल्वेत गार्ड होते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडवून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. कॉर्ड लाइन होईपर्यंत हे वर्षानुवर्षं चालू होतं. त्यामुळे इंजिन ही आमच्याकडे अगदी जवळून, सावकाश बघायची गोष्ट होती. अल्कोची धडधड झोपेतही ओळखू यायची. पुढे स्मिथबद्दल वाचताना कळलं, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा माणूस अल्कोच्याच स्केनेक्टडी इथल्या कारखान्यात वेल्डर होता. तिथे तो रणगाडे आणि रेल्वेची इंजिनं सांधायचा. ज्या कंपनीच्या आराखड्यावरची इंजिनं आमच्या यार्डात उभी राहायची, तिच्याच शॉपमध्ये विसाव्या शतकातल्या या बिनीच्या शिल्पकाराने शिफ्टा केल्या होत्या.

हा योगायोगच. पण त्यातून एक प्रश्न निघतो आणि तो मला बरीच वर्षं सोडत नाही. पोलाद सांधून केलेलं अमूर्त शिल्प ही वर्कशॉपमधून, रेल्वे यार्डातून, मोटारीच्या कारखान्यातून आलेली कला आहे. दौंडला रेल्वे आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे, तिथे मोटारी आणि फ्रिज तयार होतात. दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत, आणि हमरस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मग ही कला इथे का नाही?

ओतणं आणि सांधणं

शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोन रीती येतात. एक कोरण्याची, वेरूळची. दुसरी मातीत घडवून, साचा काढून धातू ओतायची. विनायकराव करमरकरांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली पुण्यात उभा राहिला, तो या दुसऱ्या रीतीचा आपल्याकडचा मानदंड. ओतकामात जोड दिसला तर तो दोष समजतात. पुतळा एकसंध वाटला पाहिजे, जणू तो माणूस तसाच धातूचा झाला.

सांधण्याची रीत यापेक्षा निराळी आहे. लोहार आणि घिसाडी लोखंड तापवून, ठोकून सांधायचेच. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅस वेल्डिंग कारखान्यांत आलं आणि काम बदललं. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो. जत्रेतल्या दुकानांवर पूर्वी त्याच्याच बत्त्या असायच्या. हा वायू ऑक्सिजनबरोबर जाळला की ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पोलाद साधारण १५०० अंशांना वितळतं. त्यामुळे दोन तुकड्यांच्या कडा वितळून एकमेकींत मिसळतात आणि थंड झाल्या की तिथे एकच धातू असतो.

बार्सिलोनाच्या धातुकाम करणाऱ्या घरातला हुलिओ गोन्झालेझ १९१८ साली पॅरिसजवळच्या रेनॉ मोटार कारखान्यात हे काम शिकला. तोवर तो दागिने आणि लहानसहान वस्तू घडवायचा. दहा वर्षांनी त्याचा जुना मित्र पिकासो त्याच्याकडे आला. पिकासोच्या डोक्यात लोखंडाची शिल्पं होती, पण लोखंड सांधता येत होतं ते गोन्झालेझला. दोघांनी मिळून केलेल्या त्या कामाचे फोटो एका फ्रेंच मासिकातून अमेरिकेत तरुण स्मिथच्या हाती पडले. स्मिथने १९२५च्या उन्हाळ्यात स्टुडबेकर मोटार कारखान्यात काम केलं होतं. हाताला लोखंडाची सवय होती. त्याचं शिल्प होऊ शकतं हे त्या फोटोंनी सांगितलं. १९३४च्या सुमारास ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ या वर्कशॉपमध्ये त्याला काम करायला कोपरा मिळाला. पुढे तो बोल्टन लँडिंगच्या डोंगराळ भागात राहायला गेला, तिथल्या स्वतःच्या वर्कशॉपलाही त्याने तेच नाव ठेवलं. स्टुडिओ म्हणावं असं त्याला वाटलं नाही.

सांधण्यामुळे शिल्पात काय बदललं? कोरताना दगड कमी होत जातो, ओतताना साचा भरत जातो. सांधताना काम हवेत वाढतं. एका बारीक गजावर जड पत्रा लांब पेलता येतो. मधली मोकळी जागाही मग शिल्पाचा भाग होते. शिवाय निर्णय शेवटपर्यंत बदलता येतो. स्मिथ वर्कशॉपच्या जमिनीवर पांढरे चौकोन रंगवायचा आणि त्यांत तुकडे मांडून, सरकवून बघायचा. शिरूरला माझ्या मामांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, शेडच्या कैच्या, गेटं. तिथे हेच चालतं. आधी माल मांडायचा, टॅक मारायचा, गुण्या लावायचा, चार पावलं मागे जाऊन बघायचं. पटलं नाही तर टॅक तोडायचा. पटलं तर फुल वेल्डिंग.

मामांना मी एकदा स्मिथच्या ‘क्यूबी’ मालिकेचे फोटो दाखवले. स्टेनलेस स्टीलचे पोकळ ठोकळे एकमेकांवर तिरके, पडतील-पडतील असे तोललेले. पृष्ठभागावर ग्राइंडर गोल गोल फिरवून सोडलेल्या खुणा, म्हणजे उन्हात त्या दर तासाला वेगळ्या चमकतात. मामांनी हे काय आहे असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “आतून गज घेतलाय का? वाऱ्यात कसं उभं राहतं हे?” मग ग्राइंडरच्या खुणांवर बोट ठेवून म्हणाले, “हा पुसायचा राहिला नाही, मुद्दाम ठेवलाय.” या शिल्पांवर मी बरंच वाचलं आहे. त्यांतल्या फार थोड्या लेखकांनी इतक्या लवकर इतकं पाहिलं असेल.

खोके, विटा आणि यार्ड

मे १९६५ मध्ये ट्रकच्या अपघातात स्मिथ गेला. त्याच वर्षी डोनाल्ड जड याचा ‘स्पेसिफिक ऑब्जेक्ट्स’ हा निबंध छापून आला. आता जे करायचं ते चित्र नसेल आणि शिल्पही नसेल, असं त्याचं म्हणणं होतं. ती एक वस्तू असेल, तिला जेवढी लांबी, रुंदी, रंग आणि धातू आहे तेवढीच. वर्षभर आधीपासून जड आपले खोके न्यूयॉर्कमधल्या बर्नस्टीन ब्रदर्स या पत्र्याचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये करून घेत होता. नकाशा त्याचा, पत्रा वाकवणारे हात कामगारांचे. एकासारखे एक खोके, मधलं अंतर सारखं. मुख्य भाग आणि दुय्यम भाग असा भेदच नाही. स्मिथच्या कामात हाताचा ठसा होता. जडने तो काढून टाकला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ हे प्रदर्शन भरलं आणि या कामाला मिनिमलिझम हे नाव चिकटलं.

त्या प्रदर्शनात कार्ल अँड्रे याने भट्टीच्या १३७ विटा जमिनीवर एका ओळीत ठेवल्या होत्या. हा अँड्रे १९६० ते ६४ पेनसिल्व्हेनिया रेलरोडमध्ये मालगाड्यांवर ब्रेकमन होता. डबे जोडायचे, तोडायचे, दुसऱ्या रेकला लावायचे. आपण शिल्प तिथे शिकलो असं तो नंतर सांगत असे. एकसारखे तुकडे, त्यांची ओळ, आणि कुठलाही तुकडा काढून दुसरा घालता येण्याची सोय. त्याने सांधणंच सोडून दिलं. विटांना चुना नाही, पत्र्यांना वेल्डिंग नाही. पत्रे जमिनीवर शेजारी-शेजारी मांडलेले, आणि बघणाऱ्याने त्यांवरून चालत जावं. लंडनच्या टेट गॅलरीने त्याच्या १२० विटा १९७२ साली घेतल्या. चार वर्षांनी वर्तमानपत्रांना त्याचा पत्ता लागला आणि जनतेच्या पैशाने विटा घेतल्या म्हणून देशभर गहजब झाला.

मराठीत रूळ बदलायच्या जागेला सांधा म्हणतात आणि तिथल्या माणसाला सांधेवाला. लोखंड जोडण्यालाही आपण सांधणं म्हणतो. स्मिथ ते अँड्रे हा प्रवास मला या एका शब्दात दिसतो. एकाने सांधा हीच कला मानली. दुसऱ्याने सांधा सोडवला आणि डबे नुसते ओळीत लावले. दोघांनीही तो शब्द कामावर असताना, पगार घेऊन शिकला होता.

मुंबईचं भंगार

महाराष्ट्रात धातूचं अमूर्त शिल्प आलं ते मुंबईत. १९४७ साली सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांत सदानंद बाकरे हे एकटे शिल्पकार. बडोद्यात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले बाकरे व्यक्तिशिल्पात वाकबगार होते, पण त्यांना तिथे थांबायचं नव्हतं. १९५१ साली ते लंडनला गेले, अमूर्ताकडे वळले, आणि १९७५ साली परत येऊन कोकणात मुरुड-हर्णैला राहिले. सूझा, रझा, हुसेन ही नावं मोठी होत गेली, आणि बाकरे समुद्राकाठी २००७ साली वारले तेव्हा बऱ्याच जणांना ते हयात होते हेच नव्याने कळलं.

दुसरे दोघे पारशी. आदि दावियरवाला औषधनिर्माणातले रसायनतज्ज्ञ. पिलू पोचखानवाला वाणिज्य पदवीधर, जाहिरात क्षेत्रात काम केलेल्या. दोघांनीही शिल्पाचे धडे घेतले ते ना. ग. पानसरे यांच्याकडे. फोर्टमधल्या न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवरच्या भव्य मानवाकृती पानसऱ्यांच्या. म्हणजे मुंबईच्या सांधलेल्या अमूर्त शिल्पाचा गुरू हा माणसं घडवणारा माणूस होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. दावियरवाला लाकूड आणि दगडाकडून धातूकडे गेले आणि शेवटी पोलाद, ॲल्युमिनियम, लोहचुंबक असल्या कारखानी सामानाने भूमितीच्या जवळ पोचले. आपल्याकडे पोलादातल्या मिनिमलिझमच्या सर्वांत जवळ कुणी गेलं असेल तर ते. पण १९७५ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. पोचखानवाला भंगारातले तुकडे सांधून खडबडीत, झेपावणारे आकार करत. शहराला आधुनिक कलेचं संग्रहालय मिळावं म्हणूनही त्या झटल्या. सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते १९९६ साली उघडलं, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

या तिघांची वाट स्मिथच्या उलट होती. स्मिथ वर्कशॉपमधून कलेकडे आला. हे कलेकडून भंगारबाजाराकडे गेले. यात कमीपणा काहीच नाही; उलट डिग्री, नोकरी, घर सांभाळून ठिणग्यांत हात घालायला हिंमत लागते. पण परिणाम असा झाला की आपल्याकडे सांधलेलं शिल्प गॅलरी, संशोधन संस्था आणि मुंबईचे चौक यांच्यापुरतं राहिलं. घाट चढून ते वेल्डिंगच्या गावांत आलं नाही.

चेहरा नसलेलं

याचं सर्वांत सोपं स्पष्टीकरण मी अनेकदा ऐकलं आहे: आपल्या लोकांना अमूर्त कळत नाही, त्यांना पुतळा लागतो, पुतळ्याला चेहरा लागतो. शिरूर-दौंडचा नकाशा समोर ठेवला तर हे टिकत नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीच्या डबीसोबत एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. मूर्तीला डोकं नाही. ते तुटलेलं नाही, घडवलेलंच नाही. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे; काडी घातली की ती बैलावर बसते. चेहरा गाळलेला, आणि दोन तुकडे काडीने जोडलेले. या मातीत सांधकाम इतकं जुनं आहे.

शेताच्या बांधावरचा म्हसोबा घ्या. शेंदूर फासलेला तांदळा, नाक-डोळे नाहीत, कधी नुसते चांदीचे डोळे चिकटवलेले. आणि शिरूरहून पुण्याकडे येताना भीमेच्या अलीकडे कोरेगाव, पलीकडे पेरण्याचा विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८च्या लढाईला कंपनीची पलटण निघाली ती शिरूरच्याच छावणीतून. त्यानंतर काही वर्षांत उभारलेला हा चौकोनी, वर निमुळता होत गेलेला दगडी खांब. त्यावर कुणाचा चेहरा नाही, घोडा नाही, तलवार नाही. लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, त्यांत महार शिपायांची नावं आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले. आज दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं त्या भौमितिक आकारापुढे उभी राहतात. त्यांना अमूर्त कळत नाही असं म्हणायला मला तरी जीभ रेटत नाही.

मात्र इथे सावध राहायला हवं. तांदळा म्हणजे जडचा खोका नव्हे. तांदळ्यात देव आहे, स्तंभात नावं आहेत. जडचा हट्ट असा की खोक्यात काहीही नाही, तो फक्त आहे. इथल्या माणसाला चेहरा नसला तरी चालतो, पण हे कुणाचं आहे हे कळावं लागतं. मिनिमलिझमलाही पुढे हे कळलं. १९८२ साली वॉशिंग्टनमध्ये माया लिन हिने व्हिएतनाम युद्धाचं स्मारक केलं: जमिनीत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या दोन भिंती, आकृती एकही नाही, फक्त मेलेल्या सैनिकांची नावं, हजारोंनी. आधी त्याला विरोध झाला. मग लोक येऊन नावांवरून बोटं फिरवू लागले. असा एक दगड भीमेकाठी दीडशेहून अधिक वर्षं उभा होता.

याच्या उलट उदाहरण रिचर्ड सेरा याचं. १९८१ साली त्याने न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी पोलादाची वाकडी भिंत उभी केली. सेरा स्वतः पोलाद कारखान्यांत राबलेला. पण तिथल्या कचेऱ्यांतल्या लोकांना ती रोज वळसा घालून ओलांडावी लागायची, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुनावण्या झाल्या, खटले झाले, १९८९ साली ती कापून हलवली. कामगार असलेल्या शिल्पकाराचं काम कामगारांना आपोआप आपलं वाटतं असं नाही. उद्या कुणी दौंडच्या चौकात पोलादाची भिंत आणून ठेवली तर तिचंही तेच होईल, आणि ते योग्यच असेल.

दोन परीक्षा

मग अडलं कुठे? माझ्या मते शाळेत. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. इंटरमिजिएटला घनभूमिती असते. मुलं घन, शंकू, दंडगोल कागदावर काढतात. स्मिथ आणि जड यांचं सगळं सामान त्या एका पेपरात आहे. पण तिथे धातूला हात लागत नाही. दुसरीकडे आयटीआय. तिथे फिटरची मुलं कानशीने घासून काटकोन आणतात, दोन तुकडे असे बसवतात की मधून उजेड जाऊ नये. वेल्डरची मुलं लॅप, टी, बट, कॉर्नर असे जॉब करतात. मास्तर ते तपासून मार्क देतात, आणि मग सगळं भंगारात जातं. त्या ढिगातला चार इंची टी जॉइंट मी हातात घेऊन बघितला आहे. बिड सरळ, एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी. करणाऱ्या मुलाला आपण काही पाहण्यासारखं केलं आहे हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

या दोन परीक्षांच्या मध्ये सांधा नाही. एका वाटेने गेलेलं मूल जे. जे. किंवा अभिनव कला महाविद्यालयाकडे जातं, दुसऱ्या वाटेने गेलेलं रांजणगावच्या गेटवर. गोन्झालेझला रेनॉत आणि स्मिथला स्टुडबेकरमध्ये जे शिकायला मिळालं ते आपल्या हजारो मुलांना येतं. स्मिथला वर एक मासिक मिळालं होतं, ज्यात लोखंडाच्या शिल्पांचे चार फोटो होते. तेवढाच फरक. त्याला फार मोठा खर्च येत नाही.

स्मिथ शिल्प पुरं झालं की पुष्कळदा वेल्डिंगच्या बिडनेच त्यावर आपलं नाव आणि तारीख लिहायचा. मामांच्या दुकानातून ट्रॉली बाहेर पडते तेव्हा तिच्या मागच्या फाळक्यावर दुकानाचं नाव गज वाकवून सांधलेलं असतं. खाली लहान अक्षरांत गाव असतं: शिरूर. वेल्डरचं नाव नसतं. ते घालायला जागा आहे का, हे मी मामांना विचारलं. ते म्हणाले, जागेला काय झालंय.